लोकांच्या पेल्यातून सुरुवात: नव्या स्पेशालिटी कॉफी बाजारांकडून काय घ्यावं

प्रश्न असा आला आहे: "आमची छोटी रोस्टरी आणि दोन कॅफे आहेत. १०० पैकी ८५ गुणांच्या वरची कॉफी आणतो, जीव ओतून भाजतो, पण गिऱ्हाईक एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. उलट चीन, इंडोनेशिया, सौदी अरेबिया, व्हिएतनाम अशा ठिकाणी, जिथे वीस वर्षांपूर्वी स्पेशालिटी कॉफीचं नाव फारसं कुणी घेत नव्हतं, तिथे हा धंदा झपाट्याने वाढतोय. त्यांच्याकडून आम्ही नेमकं काय शिकावं?"

मी बावीस वर्षं कॉफी भाजतोय आणि चाखतोय. त्यातली निम्मी वर्षं इतरांच्या रोस्टरींना खरेदी आणि मेनू यांबाबत सल्ला देण्यात गेली. या नव्या बाजारांचा विषय निघाला की दुकानांची संख्या, गुंतवणूक आणि ॲपवरच्या सवलती यांवरच चर्चा होते. तिथे पैसा ओतला गेला हे खरं आहे. पण पैसा ओतून बंद पडलेली दुकानंही तिथे कमी नाहीत. जे टिकले त्यांच्यात मला एक समान धागा दिसतो. लोक आधीपासून जे पेय पीत होते तेच त्यांनी हातात घेतलं आणि त्याच्या आतली कॉफी बदलली. आपण जुन्या पद्धतीचे रोस्टर उलट्या दिशेने निघालो. आधी बी आणली आणि मग तिला शोभेल असं गिऱ्हाईक घडवायला बसलो.

आपण असे का निघालो, याचं उत्तर शब्दातच आहे. 'स्पेशालिटी कॉफी' हा शब्दप्रयोग १९७४ मध्ये एर्ना क्नुट्सेन यांनी केला, तो विशिष्ट भूभागातल्या, विशिष्ट हवामानात पिकलेल्या आणि स्वतःची वेगळी चव असलेल्या बियांसाठी. पुढे १०० गुणांची मोजपट्टी रूढ झाली आणि ८० च्या वर गेली ती स्पेशालिटी असं ठरलं. या सगळ्याची नजर बीवर होती, आणि त्याचा फायदाही मोठा झाला. शेतकऱ्याला गुणवत्तेचा वेगळा भाव मिळू लागला, लॉट, म्हणजे एकाच ठिकाणचे, एकत्र तयार झालेले मालाचे गठ्ठे, वेगळे ठेवले जाऊ लागले. पण पिणारा माणूस त्या तक्त्यात कुठेच नव्हता. २०२३ मध्ये स्पेशालिटी कॉफी असोसिएशनने मूल्यमापनाची नवी पद्धत आणली. तिच्यात 'कॉफी कशी आहे' आणि 'ती चाखणाऱ्याला किती भावली' हे दोन प्रश्न वेगळे केले, आणि कॉफीचं मूळ, तिच्यामागची माणसं अशा कपाबाहेरच्या गोष्टींनाही स्वतंत्र रकाना दिला. कागदावर हे आत्ता आलं. नव्या बाजारांतली दुकानं गल्ल्यावर ते आधीपासून करत होती.

सौदी अरेबियापासून सुरुवात करतो. हलक्या भाजणीची, फळासारख्या आंबटगोड चवीची फिल्टर कॉफी पाश्चात्त्य देशांत रुजवताना रोस्टरांच्या नाकी नऊ आले, कारण तिथे कॉफी म्हणजे काळी आणि कडू हेच समीकरण पक्कं होतं. सौदीत ती मानाने लवकर रुजली. तिथल्या घरांतला कहवा मुळातच हलक्या भाजणीचा. अनेक भागांत दाणा सोनेरी असतानाच उतरवतात, वेलदोड्याबरोबर उकळतात, बिनकानाच्या छोट्या पेल्यात देतात आणि सोबत खजूर असतो. म्हणजे पातळ, सुगंधी, बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी आणि जोडीला गोड घास. हा कहवा पीत वाढलेल्या माणसापुढे इथिओपियाची हलकी भाजलेली कॉफी व्ही६० या शंकूसारख्या गाळणीतून गाळून ठेवली, तर ती त्याला परकी वाटत नाही. रंग ओळखीचा, अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा पातळ-दाटपणा, ओळखीचं, फक्त वेलदोड्याच्या जागी सुगंध बीचा स्वतःचा. पुढे सरकारनेही जोर लावला. २०२२ हे 'सौदी कॉफीचं वर्ष' म्हणून जाहीर झालं आणि त्याच वर्षी तिथल्या खौलानी कॉफीच्या लागवडीची परंपरा युनेस्कोच्या यादीत आली. पण सरकार आलं ते तयार जमिनीवर.

यातून आपण घ्यायचं ते फिल्टर कॉफीचं वेड नव्हे. आपलं गिऱ्हाईक आज जे पितं त्यात नेमकं काय त्याला प्रिय आहे, ते शोधायचं. दाटपणा असेल, गोडवा असेल, थंडपणा असेल, कडक तरतरी असेल. त्यातल्या एका गोष्टीला आपली चांगली बी जोडता आली की अर्धं काम झालं.

इंडोनेशियात हीच गोष्ट अगदी वेगळ्या रूपात घडली. तिथे कॉफी, दूध आणि साखर हे रोजचं पेय. जकार्तात २०१५ मध्ये तुकू हे छोटं दुकान सुरू झालं. त्यांनी एस्प्रेसो, दूध, बर्फ आणि आरेन ताडाचा गूळ यांचा पेला परवडणाऱ्या दरात दिला, आणि बघता बघता तो प्रकार देशभर पसरला. २०१७ मध्ये सुरू झालेल्या कोपी केनांगानचं मूल्यांकन २०२१ च्या अखेरीस एक अब्ज डॉलरच्या पुढे गेलं, तेही याच पेयाच्या जोरावर. आता यातली खरी मेख बघा. सुमात्रा बेटावर कॉफी सोलण्याची पद्धत वेगळी आहे. तिला गिलिंग बासाह म्हणतात. हवा दमट आणि शेतकऱ्याला पैसा लवकर हवा, म्हणून दाण्यात ३०-३५ टक्के ओलावा असतानाच वरचं टरफल काढतात आणि मग दाणा उघडा वाळवतात. इतरत्र हे टरफल ओलावा ११-१२ टक्क्यांवर आल्यावर काढलं जातं. त्यामुळे सुमात्राच्या कॉफीला जाड अंग, कमी आंबटपणा आणि मातीसारखा, मसाल्यासारखा खोल स्वाद येतो. स्वच्छ, उजळ चवीच्या चाहत्यांनी या कॉफीला अनेक वर्षं नाकं मुरडली. पण गूळ आणि दुधात तिच्याइतकी ठामपणे उभी राहणारी कॉफी क्वचित सापडेल. घरची बी आणि घरचं पेय एकमेकांसाठीच होते.

त्याच देशाचा मिकाएल जासिन २०२४ मध्ये बुसानला जागतिक बरिस्ता (कॅफेत कॉफी बनवणारा) स्पर्धेचा विजेता ठरला, इंडोनेशियाचा पहिला. गुळाची कॉफी आणि जगज्जेता बरिस्ता एकाच दशकात, एकाच देशातून आले याचं काहींना नवल वाटतं, मला वाटत नाही. गोड दुधाच्या कॉफीने दुकानं चालली, दुकानं चालली म्हणून यंत्रं आली, यंत्रांवर हजारो तरुण हात तयार झाले. त्या हातांतले काही पुढे अवघड, नाजूक कॉफीकडे वळणारच. गोड पेयाला खालच्या दर्जाचं समजून मेनूच्या कोपऱ्यात ढकलणारी दुकानं स्वतःच्याच भविष्याचं दार लावून घेतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे माझ्या गळी उतरलं ते एका संध्याकाळी. आमचं कपिंग, म्हणजे लॉट शेजारी शेजारी मांडून चाखणं, संपलं होतं, पाच वाट्या थंड होत पडल्या होत्या. त्यात माझा आवडता लॉट होता: उंचावरचा, वॉश्ड (फळाचा गर धुऊन काढून वाळवलेला), ८७ गुणांचा, जाईचा सुगंध आणि लिंबासारखी आम्लता. तोच लॉट मी दुधाच्या पेयांनाही वापरत होतो आणि निम्मे पेले अर्धवट भरलेले परत येत होते. गिऱ्हाइकाला कळत नाही, अशी मी समजूत करून घेतली होती. आमच्याकडची एक तरुण बरिस्ता जगमध्ये उरलेलं गरम दूध घेऊन आली, प्रत्येक वाटीतली थोडी कॉफी वेगळी काढून तिने त्यात दूध घातलं आणि चमचा माझ्या हातात दिला. माझा ८७ गुणांचा लॉट फाटायला आलेल्या दुधासारखा लागला. जाई कुठेच नव्हती, उरली होती ती नुसती आंबट धार. आणि शेजारचा ८३ गुणांचा, ज्याच्याकडे मी दुपारभर ढुंकूनही पाहिलं नव्हतं, तो टॉफीसारखा जिभेवर पसरला. ती काही बोलली नाही. मी दुसऱ्या दिवशी दुधाच्या पेयांची बी बदलली.

तेव्हापासून आम्ही प्रत्येक लॉट दोनदा चाखतो, एकदा नेहमीच्या कपिंगने आणि एकदा दुधात. दुधासाठी कॉफी कडक लागते: २० ग्रॅम भरड पूड, १५० मिलिलिटर पाणी, चार मिनिटं, मग गाळून एक भाग कॉफीला तीन भाग दूध, ५५ ते ६० अंशांवर तापवलेलं. गरम असताना चाखायचं आणि कोमट झाल्यावर पुन्हा. दुधातली प्रथिनं तुरट आणि कडू घटकांना धरून ठेवतात, त्यामुळे कडवटपणा नरम पडतो. स्निग्धांश सुगंधाचे कण अडकवतो, म्हणून फुलांसारखे हलके वास आधी नाहीसे होतात. आम्लता मात्र दुधातही जाणवत राहते, आणि गोडवा कमी असेल तर तीच पुढे येते. चॉकलेट, कॅरमेल, भाजलेला सुकामेवा, पिकल्या फळाचा गोडवा हे दुधातून वर येतात. नॅचरल (अख्खं फळ वाळवलेले) आणि पल्प्ड नॅचरल (साल काढून गरासकट वाळवलेले) प्रक्रियेचे लॉट बहुधा इथे बाजी मारतात. ८७ वाला वाईट नव्हता, त्याची जागा चुकली होती. तो फिल्टरवर ठेवला आणि जितका खपायला हवा तितका खपला. वनस्पतीजन्य दूध वापरत असाल तर हा प्रयोग त्या दुधात वेगळा करा. सोयाचं दूध आम्ल कॉफीत पटकन फाटतं.

व्हिएतनामचा धडा याहून धाडसी आहे. जगात कॉफी उत्पादनात दुसरा क्रमांक, आणि जवळपास सगळी रोबस्टा. कॉफीच्या दोन मुख्य जातींतली ही एक, दुसरी अरेबिका. स्पेशालिटीच्या जगात रोबस्टा म्हणजे जळक्या रबराची चव, असं आम्हाला शिकवलं गेलं आणि आम्ही पुढच्यांना शिकवलं. पण तो वास बऱ्याच अंशी निष्काळजीपणाचा होता: कच्ची-पक्की फळं एकाच फांदीवरून ओरबाडलेली, जमिनीवर पसरून वाळवलेली, काळी होईस्तोवर भाजलेली. २०१० मध्ये युगांडाच्या कॉफी विकास प्राधिकरणाबरोबर 'फाइन रोबस्टा'चे निकष तयार झाले, तेव्हा चाखण्याच्या तक्त्यात कडू-गोड आणि खारट-आम्ल यांच्या तोलाला वेगळे रकाने ठेवले. अरेबिकाचा तक्ता रोबस्टावर लादला नाही, ही त्यातली शहाणी गोष्ट. रोबस्टात कॅफीन अरेबिकाच्या दुपटीच्या आसपास आणि साखर कमी. तिला तिच्याच मापाने तोलायला हवं. व्हिएतनामच्या तरुण रोस्टरांनी पिकलेली फळं निवडून, उंच मांडवांवर वाळवून, मध्यम भाजून तीच रोबस्टा लोकांच्या ओळखीच्या फिन गाळणीतून आणि आटवलेल्या गोड दुधाबरोबर द्यायला सुरुवात केली. पेय आजोबांचंच राहिलं आणि चव मात्र स्वच्छ झाली.

तुमच्यासाठी याचा व्यवहारी अर्थही आहे. न्यूयॉर्कचा अरेबिका वायदा २०१९ मध्ये पाउंडामागे १ डॉलरच्याही खाली होता, तो २०२५ च्या फेब्रुवारीत ४ डॉलरच्या वर गेला. रोबस्टाही या काळात महागली, हा काही स्वस्ताईचा मार्ग उरलेला नाही. पण ज्या रोस्टरला फक्त एका जातीची, एका उंचीवरची कॉफी ओळखता येते तो अशा उसळीत हतबल होतो. चांगली रोबस्टा चाखायला आजच शिकून ठेवा. तापमान वाढतंय, आणि उंचावरच्या अरेबिकाच्या जमिनी वाढणार नाहीत.

चीनकडून शिकायचं ते थोडं निवडून. तिथे दोन गोष्टी शेजारी शेजारी घडल्या. लकिन ही कॉफी दुकानांची साखळी २०१७ मध्ये सुरू झाली. ॲपवर मागणी, छोटी दुकानं, घेऊन जायचं. २०२० मध्ये विक्रीचे खोटे आकडे उघड झाले, अमेरिकेच्या शेअरबाजारातून नाव निघालं, आणि तरी कंपनी उठली. २०२१ मध्ये आणलेल्या नारळाच्या दुधाच्या 'लाते' कॉफीने तिला हात दिला आणि २०२३ च्या जूनमध्ये दहा हजारावं दुकान उघडलं. ही स्पेशालिटी नव्हे. पण कॉफी न पिणाऱ्या कोट्यवधी माणसांच्या हातात तिने रोजचा पेला दिला, हे नाकारता येत नाही. दुसरं उदाहरण मला जास्त शिकवून गेलं. शांघायमध्ये २०१५ मध्ये मॅनर हे दुकान दोन चौरस मीटरच्या जागेत सुरू झालं. बसायला जागा नाही, स्वतःचा कप आणलात तर ५ युआन कमी, कॉफी मात्र चांगली.

दोन चौरस मीटर का जमतात, ते हिशेबाने दाखवतो. हिरव्या, म्हणजे न भाजलेल्या कॉफीचा भाव कोणत्याही चलनात किलोला १०० धरा. भाजताना वजन साधारण १५ टक्के घटतं, म्हणजे भाजलेली कॉफी पडते सुमारे ११८. एस्प्रेसोच्या दुहेरी शॉटला १८ ग्रॅम लागतात, म्हणजे कपामागे बीचा खर्च साधारण २.१. आता दुप्पट भावाची, खूपच सरस कॉफी घेतली तर कपामागे वाढ होते आणखी २.१. इंधन, वाया जाणारे शॉट धरले तर थोडी जास्त. आता तुमच्या दोन कॅफेंची भाडी, सजावटीच्या कर्जाचा हप्ता, दूध आणि पगार कपांच्या संख्येने भागून बघा. मी ज्या ज्या कॅफेचा हिशेब मांडला, तिथे बी हा भाड्यापेक्षा लहान खर्च निघाला. तरीही नफा घटला की मालक पहिल्यांदा बी स्वस्त करतो, कारण तो बदल एका फोनवर होतो आणि भाडं कमी करायला दुकान हलवावं लागतं. मॅनरने जागेत वाचवलेलं बीत आणि दरात घातलं. तिसरं कॅफे काढायचा विचार असेल तर खुर्च्यांविना काढून बघा, असं मी आग्रहाने सांगेन.

पण चीनची दुसरी बाजूही डोळ्यांआड करू नका. २०२३ पासून तिथे ९.९ युआनच्या कपाचं दरयुद्ध पेटलं. अशा लढाईत ज्याच्या मागे भांडवल तोच तगतो, आणि ताण काउंटरमागे एकट्या उभ्या असलेल्या माणसावर येतो. एका माणसाने तासाला किती पेले करावेत याची मर्यादा तुम्ही स्वतः ठरवा आणि गर्दीच्या वेळीही ती पाळा. सवलतीचा खेळ छोट्या रोस्टरीने खेळूच नये. एकदा सवलतीच्या दराची सवय लागली की मूळ दर गिऱ्हाइकाला दंडासारखा वाटतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटणाऱ्या मुद्द्याकडे येतो. या बाजारांपैकी बरेचसे स्वतः कॉफी पिकवतात. पूर्वी रीत अशी होती की उत्तम माल जहाजावर आणि उरलासुरला घरात. कोलंबियात निवडून बाजूला काढलेल्या सदोष मालाला पासिया म्हणतात आणि पिढ्यान् पिढ्या देशातल्या लोकांनी तोच प्यायला. इथिओपिया हा यातला जुना अपवाद, पिकातला जवळपास निम्मा भाग तो स्वतःच पितो. आता इतर देशांतही पिकवणारा आणि पिणारा एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आले आहेत. चीनची जवळपास सगळी कॉफी युन्नान प्रांतातली, आणि ती मुख्यतः कातिमोर जातीची. तांबेऱ्याला दाद न देणारी, पण चवीला सामान्य म्हणून बदनाम झालेली. शांघायचे रोस्टर तिथे जाऊन बसू लागले तसं फळ पिकण्याची वाट पाहणं, किण्वनाचे तास मोजणं, सावकाश वाळवणं सुरू झालं आणि त्याच झाडांची कॉफी बदलली. थायलंडमध्ये कोट्याबाहेरच्या आयात कॉफीवर ९० टक्के शुल्क आहे. ग्राहकाला हे महाग पडतं यात शंका नाही. पण त्यामुळे तिथल्या रोस्टरांना उत्तरेकडच्या डोंगरांतल्या शेतकऱ्यांबरोबर काम करण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि आज त्या डोंगरांतली कॉफी अभिमानाने विकली जाते.

हे अंतर कमी झाल्याने नेमकं काय बदलतं, ते मी एका वॉशिंग स्टेशनवर, म्हणजे तोडलेल्या फळांवर प्रक्रिया होते त्या केंद्रावर, पाहिलं. हंगाम ऐन भरात होता. आम्ही पडवीत टेबल मांडून त्याच आठवड्यातल्या सहा लॉटचं कपिंग ठेवलं. किण्वनाच्या टाक्या वीस वर्षं सांभाळणारा गृहस्थ हात पुसत आला. स्वतःच्या टाकीतली कॉफी त्याने तोवर कधीच प्यायली नव्हती. चमचा कसा ओढायचा ते त्याला दाखवलं. चौथ्या वाटीत शिरक्यासारखा, सडक्या फळाचा वास होता. तो त्या वाटीपाशी तीनदा परत गेला. मग खिशातली वही काढून पानं उलटली आणि म्हणाला, "हा गुरुवारचा माल. ट्रक रात्री उशिरा आला होता. फळं सकाळपर्यंत पोत्यातच राहिली." कुणी त्याला दोष दिला नव्हता, कुणी विचारलंही नव्हतं. दोन दिवसांनी गर काढण्याच्या यंत्रावर दिवे लागले आणि रात्रीचा माल रात्रीच सोलला जाऊ लागला. तीच तक्रार परदेशातल्या खरेदीदाराकडून पत्राने आली असती तर सहा-आठ महिन्यांनी, हंगाम संपल्यावर आली असती आणि 'स्वच्छतेत दोष' एवढे दोनच शब्द घेऊन आली असती. त्या शब्दांवरून कुणाला गुरुवार आठवला नसता.

तुम्ही शेतापासून हजारो किलोमीटर दूर असाल तरी हे थोडंफार करता येतं. निर्यातीआधीचा नमुना हाती आल्यावर सगळे फक्त 'घेतो' किंवा 'नको' असं कळवतात. तुम्ही त्याच आठवड्यात चाखून सविस्तर लिहा, आणि नुसते गुण न लिहिता कोणता दोष, कुठल्या वाटीत, पाचांपैकी किती वाट्यांत ते लिहा. एका वाटीत दोष असेल तर तो बहुधा निवडीचा, सगळ्या वाट्यांत असेल तर प्रक्रियेचा किंवा साठवणीचा. हा फरक पिकवणाऱ्याला तिथल्या तिथे उपयोगी पडतो. आणि भाजलेल्या कॉफीचं एक पाकीट परत पाठवा. ज्याने पिकवली त्याने ती तुमच्या भाजणीत प्यायला हवी. वीस फुटी कंटेनरमध्ये १८-१९ टन माल बसतो, एवढा एकट्याने उचलणं छोट्या रोस्टरीला शक्य नाही. म्हणून चार-पाच रोस्टरांनी मिळून एकाच सहकारी संस्थेकडून सलग तीन-चार वर्षं घ्यायचं ठरवलं तर हा संवाद टिकतो. दरवर्षी नवा देश, नवी पिशवी, नवं नाव या हौसेने शेतकऱ्याचं काहीच भलं होत नाही.

ब्राझीलला नवा बाजार म्हणणं धाडसाचं आहे, पण त्याच्याकडून घेण्यासारखी गोष्ट अजून ताजी आहे. तिथल्या बाजारातल्या दळलेल्या कॉफीत भेसळ फार आणि लोकांचा विश्वास उडालेला. १९८९ मध्ये रोस्टरांच्या संघटनेने, म्हणजे अबिकने, शुद्धतेची मोहोर सुरू केली. दुकानांतून पाकिटं उचलायची, तपासायची, भेसळ सापडली तर मोहोर काढायची. देशातला खप तेव्हा साठ किलोच्या ८० लाख पोत्यांच्या आसपास होता, तो पुढे २ कोटींच्या वर गेला. लोकसंख्या, उत्पन्न अशी इतर कारणंही होती. तरी मला क्रम महत्त्वाचा वाटतो: आधी 'यात फक्त कॉफी आहे' एवढा विश्वास, आणि चवीची प्रतवारी त्यानंतर, २००४ च्या सुमारास. आपण पाकिटावर चवीचे तीन शब्द छापतो आणि भाजणीची तारीख तळाशी बारीक अक्षरांत टाकतो. तारीख वर घ्या.

घरी कॉफी करणाऱ्यांबद्दल थोडक्यात सांगतो. चीन आणि तैवानच्या कारखान्यांनी चांगली हातग्राइंडरं आणि वजनकाटे सामान्यांच्या आवाक्यात आणले, तेव्हा या बाजारांतल्या हुशार कॅफेंनी घरी बनवणाऱ्याला प्रतिस्पर्धी मानलं नाही. त्याला बी विकली आणि दळण बसवून दिलं.

एका गोष्टीपासून मात्र दूर राहा. नव्या बाजारांत चमकदार चवींची ओढ मोठी आहे. किण्वनाच्या टाकीत फळं, मसाले, यीस्ट घातलेले लॉट तिथे चढ्या भावाने जातात. लोकांना आवडतात याबद्दल माझी तक्रार नाही, मीही असे लॉट विकले आहेत. पण काय घातलं आहे ते पाकिटावर लिहायलाच हवं. पीच घालून आणलेली पीचची चव 'मातीचा गुण' म्हणून विकली, तर शेजारच्या शेतकऱ्याने काहीही न घालता, केवळ पिकलेली फळं वेचून आणि पंधरा दिवस सावलीत वाळवून मिळवलेला नाजूक गोडवा फिका ठरतो. त्याच्या श्रमाचा भाव आपणच पाडतो.

तुमच्या जागी मी असतो तर पुढच्या महिन्यात तीन गोष्टी केल्या असत्या. दोन्ही कॅफेंच्या बिलांतून सगळ्यात जास्त खपणारी दोन पेयं काढली असती. माझा अंदाज, त्यांतलं निदान एक तुम्हाला स्वतःला विशेष आवडत नसेल. त्या पेयासाठी आज वापरता ती बी आणि आणखी चार लॉट, शक्यतो एक चांगली रोबस्टा धरून, त्याच दुधात, तेवढ्याच साखरेत, तेवढ्याच बर्फात मांडले असते. आणि ते चाखायला बरिस्तांबरोबर रोज ते पेय पिणारी चार गिऱ्हाइकं बोलावली असती. त्यांना गुण देऊ नका, चवींची यादी हातात देऊ नका. कुठला पेला शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा झाला, एवढंच बघा. कोमट झाल्यावरचा घोट जास्त खरं सांगतो, म्हणून वीस मिनिटं थांबा.

जो लॉट जिंकेल त्याची पुढच्या हंगामातली किमान दहा पोती आत्ताच पक्की करा, आणि पिकवणाऱ्याला कळवा की त्याची कॉफी दुधात का आवडली. बहुतेकांना हे कुणी कधी सांगितलेलं नसतं.